गंगव्वाची रांग

गंगव्वाला "मावशी" म्हटलेलं खपत नाही. "मावशी कशी? माझी भण तुमच्या बापाला दिली हाय काय?" असं ती पहिल्याच भेटीत विचारते. समोरचा गडबडला की वर आणखी, "दूध पायजे न्हवं? मग मागं जावा पावणं. रांग तिकडनं सुरू होतीया."

आमच्या कोल्हापुरात संध्याकाळी म्हशी कोपऱ्यावर येतात. गवळी गिऱ्हाइकासमोर धार काढतो आणि तो फेसाळ, कोमट पेला तिथंच, उभ्या उभ्या प्यायचा. उकळणं नाही, साखर नाही, बसायला खुर्ची नाही. बाहेरगावचा माणूस आधी नाक मुरडतो, कच्चं दूध म्हणजे काय काय होतं ते आपल्याला सांगतो, आणि दुसऱ्या पेल्याला मिशीवरचा फेस पुसायचं विसरतो. गंगव्वाचा कोपरा तालमीच्या भिंतीला लागून होता. होता म्हणते, कारण सगळी गोष्ट तीच आहे.

ती लिंगायत गवळ्याची. माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळं म्हशींशी कानडीत बोलते, माणसांशी मराठीत आणि भांडताना दोन्हीत. तिचा नवरा शिवमूर्ती कोपऱ्यावर धार काढायचा, ही घरी शेण काढायची. तो वारल्यावर भाऊबंद जमले आणि म्हणाले, बाईमाणसानं भर चौकात म्हशीखाली बसणं शोभत नाही. गंगव्वा म्हणाली, "म्हशीला इचारून बघतो. तिला शोभत नसंल तर न्हाई बसत." (आमच्याकडं बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.) दुसऱ्या दिवशी ती कोपऱ्यावर होती. भाऊबंद रांगेत होते.

त्या रांगेविषयी सांगायला पाहिजे. गंगव्वाच्या रांगेत दवाखान्याचा मालक हमालाच्या मागं उभा राहायचा आणि फौजदार तालमीतल्या पोरांच्या मागं. कुणी पुढं घुसला की ती धार थांबवायची, एवढंच. बाकीचे मग त्याचं बघून घ्यायचे. एकदा उदयसिंह सरनोबतांची गाडी कोपऱ्यावर थांबली. सरनोबत म्हणजे गावातले मोठे बिल्डर. त्यांच्या इमारतींची नावं वाचली की आपण युरोपात आहोत असं वाटतं, जिन्यात गेलं की वाटत नाही. ते गाडीतच बसले आणि ड्रायव्हर केरबाला रांगेत धाडलं. केरबाचा नंबर आला तसा गंगव्वानं पेला त्याच्या हातात दिला.

"पी."

"मला न्हाय अव्वा, साहेबास्नी. गाडीत नेतो."

"रांगंत कोण उभं ऱ्हायलं?"

"मी."

"मग तुझ्या नंबरचं तू पी. साहेबांच्या नंबरचं साहेब हितं आल्यावर."

केरबा मालकाच्या डोळ्यांदेखत प्याला. काचेआडून सरनोबत बघत राहिले. केरबाची नोकरी गेली नाही, कारण तेवढ्या पगारात दुसरा माणूस मिळत नव्हता.

ह्यावरून गंगव्वा समतेची पुजारीण आहे असं कुणी समजू नये. मी समजत होते. एका सभेत मी तिला स्टेजवर बोलावून "ह्या माउलीनं जात आणि पैसा दोन्ही रांगेत उभे केले" असं भाषण ठोकलं, तर तिनं माझ्याकडचा माईक ओढला आणि म्हणाली, "तसलं काय न्हाय. रांग मोडली की म्हस बुजती. बुजली की लाथ घालती. आमच्या ह्यांचं पुढचं दोन दात त्यातच गेलं." टाळ्या तिलाच जास्त पडल्या.

शिवाय ती गर्विष्ठ आहे. तिच्या सगळ्या गर्वाचं नाव चंद्री. चंद्री ही म्हस तिनं पेठ वडगावच्या बाजारात दलालाला रडवून घेतली. चंद्रीच्या पायात हुपरीहून घडवून आणलेले चांदीचे तोडे आहेत. गंगव्वाच्या पायात रबरी चप्पल. चंद्रीच्या वाढदिवसाला तालमीवर फ्लेक्स लागतो, त्यावर चंद्रीचा फोटो मोठा, खाली शुभेच्छुकांचे छोटे, आणि शुभेच्छुकांत माझाही असतो, न विचारता.

चंद्रीची कीर्ती दुधामुळं कमी आणि पाडव्यामुळं जास्त. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी नटवून पळवतात. मालक सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर पुढं, म्हस मागं. दोरी नाही, हाकणारा नाही. तो फटफटाट कानावर पडला की म्हशीनं शेपूट उभारून गाडीमागं धावायचं. गाडी थांबली की थांबायचं. गाडी जितकी बोंबलेल तितकी म्हस जोरात. गंगव्वाचा मुलगा शशिधर वर्षभर गाडीच्या फटफटाटाची चंद्रीला सवय लावतो. त्याची बायको म्हणते, एवढी मेहनत नोकरीसाठी केली असती तर कलेक्टर झाला असता. गंगव्वा म्हणते, कलेक्टर किती हायेत, पाडव्याची म्हस एकच.

तर अशा ह्या गावात दोन वर्षांपूर्वी बातमी आली की कोल्हापूर ग्लोबल होणार.

'ग्लोबल कोल्हापूर मंच' असं त्याचं नाव. अध्यक्ष उदयसिंह सरनोबत. त्यांचा मुलगा विश्वजित परदेशात शहरांविषयी काहीतरी शिकून आला होता आणि येताना एक मोटारसायकल घेऊन आला होता, जिच्या किमतीत आमच्या गल्लीचं गटार झालं असतं. मंचाच्या पहिल्या सभेला मी गेले. बोलावणं नव्हतं, मला बोलावणं लागत नाही. मोठ्या पडद्यावर विश्वजितनं चित्रं दाखवली. 'ग्लोबल सिटी म्हणजे काय?' असं वर लिहिलेलं आणि खाली काचेच्या इमारती. पुढचं चित्र, दुसऱ्या देशातल्या काचेच्या इमारती. त्यापुढं रात्री उजेडात काचेच्या इमारती. सगळ्या चित्रांत मिळून माणूस एकच, तोही कानात वायरी घालून पळत होता. कशाला भिऊन पळतोय ते दाखवलं नव्हतं.

मी उभी राहिले. "ह्या काचा कोण पुसतं?"

"सॉरी?"

"काचा. एवढ्या काचा रोज पुसायला माणसं लागत असतील. ती ह्या चित्रात कुठं ऱ्हात्यात?"

विश्वजित हसला, वाईट मनाचा पोरगा नाही तो. म्हणाला, "मॅडम, ते ऑपरेशनल आहे."

मला शिकवलेलं कुणी नाही. जे आहे ते पोलीस ठाण्याच्या बाकावर, पाणीपट्टीच्या खिडकीपुढं आणि रद्दीतल्या पुस्तकांतून आलेलं. पण 'ऑपरेशनल' म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. दूध पाहिजे, म्हस दिसायला नको. भांडी घासलेली पाहिजेत, घासणारीचं घर दिसायला नको. गाव ग्लोबल होतं म्हणजे आणखी काही होत नाही. कामं होती तिथंच राहतात, कामं करणारं लांब सरकतं. आणि रोज सकाळी ते लांबचं माणूस दोन बस बदलून जवळ येतं, त्याला म्हणतात कनेक्टिव्हिटी.

मग कळलं की तालमीचा कोपरा सुशोभीकरणासाठी मंचाकडं दिलाय. कुणी दिला ते कुणीच सांगेना. वरून आलंय म्हणत. म्हशी गावाबाहेर न्यायच्या, कागलच्या बाजूला. गंगव्वाच्या गोठ्यापासून चंद्री तिथं चालत गेली तर दूध काढायच्या वेळेला निम्म्या वाटेवर असेल.

मी लगेच मोर्चाची तयारी केली. काळे झेंडे शिवायला टाकले. आणि गंगव्वाकडं गेले, तर ती चुलीपुढं बसून नथ घासत होती.

"ही कशाला काढली?"

"सरनोबत आलते." तिनं मान वर केली नाही. "परदेशी पावणं येणार हायेत. गावाला ग्लोबल म्हणायचं का न्हाय ते ठरवायला. त्यांच्या हाटेलात, हिरवळीवर, चंद्रीची धार काढून दाखवायची. नऊवारी, नथ, सगळं. पावण्यांनी दूध पिलं, खुश झालं, की कोपरा माझाच. तसं बोललेत."

"लिहून दिलंय?"

"शब्द दिलाय."

"गंगव्वा, अगं ते एका हातानं तुझा कोपरा काढून घेत्यात आणि दुसऱ्या हातानं तुलाच तमाशात उभी करत्यात!"

"मग तू काय करणार हाईस?"

"मोर्चा."

"मागल्या मोर्चानं काय मिळालं?"

"निवेदन स्वीकारलं त्यांनी."

"ते मी म्हशीला खायाला घालतो." तिनं नथ उजेडात धरून बघितली. "हे बघ क्रांते, मला त्या कोपऱ्याशिवाय दुसरं काय येत न्हाय. शशिधरच्यानं नोकरी हुईत न्हाय. एक सकाळ नटल्यानं जागा ऱ्हाती तर मी नटतो. पाडव्याला चंद्री नटती, ती काय लहान झाली? त्या दिवशी तू तिकडं येऊ नगंस. तुझा आवाज ऐकला की म्हस दूध चोरती."

मी झेंडे रद्द केले नाहीत. लोक निम्मे केले.

त्या सकाळी सरनोबतांच्या हॉटेलाच्या फाटकाबाहेर आम्ही मूठभर माणसं झेंडे खाली धरून उभे होतो. येताना रस्ताभर हिरवं जाळीचं कापड लागलं होतं. ओढ्याकाठी वस्ती आहे, पत्र्याची, तीनेकशे घरांची. हॉटेलात भांडी घासणारं, इमारतींत लिफ्टजवळ बसणारं, लोकांची म्हातारी सांभाळणारं सगळं मनुष्यबळ तिथं राहतं. पाहुण्यांच्या बसला ती दिसू नये म्हणून पुरुषभर उंच कापड ताणलेलं, त्यावर झाडांची चित्रं. आत माणसं नेहमीसारखी नळावर भांडत होती. आवाज झाकायचं कापड अजून निघालेलं नाही.

हॉटेलाच्या हिरवळीवर चंद्री. शिंगांना रंग, कपाळावर भंडारा, पायात तोडे. शेजारी गंगव्वा, नथीनं नाक लाल झालेलं. आणि इथं एक चूक झाली. हॉटेलवाले हिरवळीत खुंटी ठोकू देईनात; म्हणे गवत बाहेरून आणलंय, त्याला भोक पाडायचं नाही. मग चंद्रीचा कासरा स्वागताच्या कमानीला बांधला. कमान बांबूची, वर थर्माकोलची अक्षरं, 'ग्लोबल कोल्हापूर'. शशिधरला मोटारसायकलीसह फाटकाबाहेरच थांबवलं होतं, त्याच्या गाडीचा आवाज ग्लोबल नव्हता म्हणून. त्याच वेळी फाटकाच्या आत विश्वजित आणि त्याचे मित्र त्यांच्या किमती मोटारसायकली घेऊन रांगेनं उभे होते. पाहुण्यांची बस आली की पुढं ह्या गाड्या, मागं बस, अशी गावातून फेरी आणि मग परत येऊन दूध.

गंगव्वाला नथीचं पडलं होतं, सरनोबतांना पाहुण्यांचं, मला झेंड्यांचं. ह्या गाड्यांना आवाज असतो, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

बस आली. विश्वजितनं गाडी सुरू केली, पाहुण्यांना ऐकवण्यासाठी मूठ पिळली आणि फाटकाबाहेर निघाला.

चंद्रीनं कान टवकारले. शेपूट उभी राहिली.

"चंद्री! निल्लु! निल्लु गे!" गंगव्वा कानडीत ओरडली, थांब म्हणून. पण चंद्रीच्या डोक्यात पाडवा लागला होता. कमान कडाडली. 'ग्लोबल' हिरवळीवरच पडलं, 'कोल्हापूर' निम्मं फाटकात अडकलं, आणि उरलेला बांबू ओढत चंद्री विश्वजितच्या मागं रस्त्यावर आली.

विश्वजितनं आरशात बघितलं. परदेशात शिकवलेलं नसावं. आपल्या मागं म्हस शिंगं खाली घालून येते म्हणजे ती मारायला येते असं त्याला वाटलं आणि त्यानं वेग वाढवला. गाडी बोंबलली. गाडी बोंबलली तशी चंद्री सुटली. तो आणखी घाबरला, आणखी मूठ पिळली. त्याच्या मित्रांनी बाजूला होऊन रस्ता दिला, मैत्री इतकीच असते. मागून शशिधर आपल्या गाडीवर, त्याच्यामागं नथ सावरत, एका अंगानं बसलेली गंगव्वा, "गाडी बंद कर रं येड्या, बंद कर, म्हंजे थांबंल ती!" पण त्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार. त्यांच्यामागं स्कूटीवर मी. माझ्यामागं बस, कारण ड्रायव्हरला सांगितलं होतं, पुढच्या गाड्या जातील तिकडं जायचं.

वस्तीपाशी वळण आहे. विश्वजितला ते घेता आलं नाही. तो सरळ हिरव्या कापडात घुसला, चित्रातल्या झाडांच्या मधून, आणि पलीकडं नळाच्या चिखलात आडवा झाला. चंद्री त्याच भोकातून आत. गाडी बंद पडली, चंद्री थांबली. तिनं त्याच्या हेल्मेटला नाक लावलं आणि ते चाटायला लागली.

"काढा हिला! खाईल ती मला!"

नळावरच्या बायकांनी घागरी खाली ठेवल्या. "म्हस माणूस खाती व्हय रं?" एक म्हणाली. "तुला चाटालीया. गोड दिसालैस तिला."

तोवर बस थांबली. कापडाला पडलेलं भगदाड एवढं मोठं होतं की बसमधून सगळं दिसत होतं: पत्रे, नळ, चिखल, म्हस, आणि 'कोल्हापूर'मधला 'पूर' तिच्या गळ्यात. पाहुण्यांतली सगळ्यात मोठी, पांढऱ्या केसांची उंच बाई खाली उतरली. तिच्यामागं सगळे उतरले, आणि मग सरनोबतांची गाडी आली.

सरनोबत हे उगीच मोठे झालेले नाहीत. क्षणभर त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि हसत पुढं आले. कॅमेरे चालू होते. "हाच आमचा खरा कार्यक्रम!" ते म्हणाले. "हॉटेलात काय दाखवायचं? आम्ही पाहुण्यांना सामान्य माणसात आणलं. मंचातर्फे आज वस्तीतल्या प्रत्येकाला इथंच धारोष्ण दूध, मोफत!"

मोफत म्हटल्यावर वस्ती बाहेर आली.

पण धावलेली म्हस लगेच दूध सोडत नाही. चंद्रीच्या फासळ्या भात्यासारख्या हलत होत्या. गंगव्वा गाडीवरून उतरली, नथ काढून कनवटीला लावली आणि चंद्रीच्या गळ्याला हात लावून कुजबुजायला लागली, "साकु गे, ओडिद्दु साकु." पुरे, पळालीस तेवढं पुरे. मग पाठ चोळली, कुणाच्या तरी घरून पेंड मागून घेतली, पाणी दाखवलं. सगळे थांबले. थांबल्यावर दुसरं काय करणार, रांग लागली. पुढं नळावरच्या बायका, पहिली बाळाबाई, जी त्याच हॉटेलात पेले धुते आणि जिला आज सुट्टी दिली होती, कारण आज पाहुण्यांपुढं गणवेशातली लागणार होती. मग पोरं, म्हातारी, मिस्त्री, हमाल. ती पांढऱ्या केसांची बाई इकडंतिकडं बघून शेवटी जाऊन उभी राहिली. तिच्या देशात रांग दिसली की मागं उभं राहत असावेत.

सरनोबतांना ते दिसलं. त्यांनी तिला कोपराला धरून पुढं आणलं, बाळाबाईच्या पुढं.

गंगव्वा म्हशीखाली बसली होती. पहिली धार पेल्यात वाजली. तिनं वर बघितलं.

"पावणं, मागं."

"गंगव्वा," सरनोबत वाकले आणि हसू तसंच ठेवून हळू आवाजात म्हणाले, "पहिला पेला ह्यांना. फोटो निघू दे. कोपरा तुमचा. आत्ता, ह्या कॅमेऱ्यापुढं जाहीर करतो. एकच पेला."

मी जवळ होते, मला ऐकू आलं. शशिधरलाही आलं, तो आईकडं बघून मान हलवत होता, दे म्हणून. बाळाबाई स्वतःच म्हणाली, "दे गं गंगव्वा. आमी काय, रोजचंच हाय. थांबतो की."

गंगव्वाची धार थांबली. पेला अर्धा भरला होता. तो तिनं गुडघ्यांतून काढून हातात घेतला. 

"सरनोबत," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता, "हितं मोडली तर तिथं बी मोडणार. मग कोपरा मिळून मी त्या कोपऱ्यावर करू काय? तुमच्या गाडीत पेलं पोचवू?"

"काय सोडताय ते कळतंय का तुम्हाला?"

"तुमच्यापेक्षा जास्त कळतंय. सरका, बाळाबाईचा नंबर हाय."

ती परदेशी बाई एक शब्द न कळता सगळं समजली आणि पुन्हा शेवटी जाऊन उभी राहिली. तिच्यापुढं चार माणसं असताना चंद्रीचं दूध संपलं. बाईनं दुभाष्याला विचारलं, उद्या किती वाजता यायचं? गंगव्वानं वेळ सांगितली. तिच्यासोबत आणि चंद्रीसोबत फोटो काढून बाई आनंदात बसमध्ये बसली. पाहुणीचा अपमान झालाच नव्हता. अपमान सरनोबतांचा झाला होता, तोही पत्र्याच्या घरांपुढं, आणि असला अपमान भरून यायला कोपराच लागतो.

आठवडाभरात तालमीच्या भिंतीला लोखंडी कठडा आला. कठड्याच्या आत 'मिल्क प्लाझा'. काचेचं दुकान, केशराचं थंडगार दूध, आणि दारात फायबरची म्हस, जिला शेण नाही, लाथ नाही आणि जी कागलला पाठवावी लागत नाही. मी मोर्चा नेला. हे लिहायला हात जड होतो, पण घोषणा सुरू व्हायच्या आधी निम्म्या मोर्चानं फायबरच्या म्हशीबरोबर सेल्फी काढून घेतला. झेंडा धरायला मोकळा हात नाही म्हणून एकानं तो तिच्या शिंगात अडकवला. पहिल्या दिवशी दवाखान्याचे मालक माझ्या शेजारी उभे राहून "हे अन्यायकारक आहे" म्हणाले. चौथ्या दिवशी मी त्यांना आत बघितलं, नळीनं पिताना. काचेतून त्यांनी मला हात केला. प्लाझात रांग नसते. ज्याच्याकडं कार्ड आहे त्याला वेगळी खिडकी आहे. फौजदार, डॉक्टर तिथं. हमाल कुठंच नाही, त्याला तो पेला परवडत नाही.

गंगव्वानं दोन म्हशी विकल्या. चंद्री आणि आणखी एक ठेवली आणि बाळाबाईच्या घराशेजारी, हिरव्या कापडामागं नेऊन बांधली. कापड काढलेलं नाही. भगदाड तेवढं शिवलं. लावायला पैसे आले होते, काढायला आले नाहीत. वस्तीत पूर्ण पेला रोज कुणाला झेपत नाही म्हणून ती आता अर्धा पेलाही देते. पहिल्या दिवशी अर्धा ओतताना तिनं तोंड दुसरीकडं केलं होतं.

मागच्या महिन्यात तिथं महापालिकेचा राजवीर नावाचा तरुण अधिकारी आला. नवा, बूट चकचकीत, हातात टॅब. समोरच्या इमारतीच्या बाराव्या मजल्यावरून तक्रार गेली होती. कापड रस्त्यावरून झाकतं, वरून नाही. मी तेव्हा तिथंच होते, भांडायला सज्ज.

"इथं म्हशी आहेत अशी तक्रार आहे."

"आपण कुठं उभं हाय ते त्या तुमच्या पाटीवर बघा की आदी," गंगव्वा म्हणाली.

त्यानं बघितलं. टॅबवर हिरवा चौकोन होता. मंचानं पाहुण्यांना दिलेल्या नकाशात ह्या जागी बाग दाखवली होती, आणि तोच नकाशा आता सगळीकडं चालतो. "प्रस्तावित उद्यान," त्यानं वाचलं.

"बागंत म्हशी बांधायची परवानगी असती व्हय?"

"नाही."

"मग कोण बांधंल? मी येडी हाय काय?"

त्यानं चंद्रीकडं बघितलं. चंद्रीनं त्याच्याकडं बघितलं. "अहो पण मला दिसतात की!"

"झाडं बी दिसाय पायजेत मग. दिसत्यात?"

पोरगा अडकला. म्हस लिहावी तर म्हस कुणाच्या दारात ते लिहावं लागणार, दार लिहावं तर घर, घर लिहावं तर बाग गेली, आणि बाग तर साहेबांच्या साहेबांनी पाहुण्यांना दाखवलेली. त्यानं बराच वेळ बोट टॅबवर धरलं. मग लिहिलं, "प्रत्यक्ष पाहणी केली. तक्रारीत तथ्य आढळले नाही." जाताना त्याचा बूट शेणात गेला. तो त्यानं बागेतल्या एका दगडावर पुसला.

तो कापडाबाहेर पडला तशी मी खदखदून हसले. बाळाबाई हसली, रांगेतली सगळी हसली. गंगव्वा हसली नाही.

"हसतीस काय?" ती माझ्यावरच उखडली. "आज न्हाई म्हणून लिवून गेला. उद्या बाग करायला येतील. जे न्हाईच, त्याला उठवायला नोटीस तरी लागती काय?"

 तिनं माझ्या हातात कासरा दिला, पेला गुडघ्यांत धरला आणि रांगेकडं न बघता म्हणाली, "हां, कोण हाय पयला? या फुडं."